न तापणारा टायर

कुणी नवी गाडी दाखवली की आनंदराव साळुंखे, म्हणजे तात्या, तिचा रंग बघत नसत, सीटवर हात फिरवत नसत. दोन्ही हात पाठीमागे बांधून एकच विचारत, "किती देती?" पेट्रोलच्या काळात हेच, डिझेलच्या काळातही हेच. पुढे लडाखात धुराच्या गाड्यांना बंदी आली, रस्त्यावर विजेशिवाय काही उरलं नाही, तरी तात्यांचा प्रश्न जागचा हलला नाही.

त्यांची मुलगी वैजयंता, घरची वैजू, हा प्रश्न ऐकतच मोठी झाली. तात्या मूळचे विट्याकडचे. त्या भागातल्या हजारो माणसांसारखे तेही गलाईच्या कामाला, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या कामाला, कोवळ्या वयात घर सोडून निघाले आणि फिरत फिरत कारगिलच्या बाजारात येऊन थांबले. गलाईवाला सराफाच्या दुकानातला केरसुद्धा सोडत नाही. तो केर जाळायचा, धुवायचा, गाळायचा आणि शेवटी मुशीच्या तळाशी मुगाच्या डाळीएवढा सोन्याचा मणी काढून दाखवायचा. ज्याचा संसार केरातल्या सोन्यावर उभा राहिला, त्याला काहीही वाया गेलेलं बघवत नाही. जुन्या जीपचं इंजिन तात्या उतारावर चक्क बंद करून टाकत. गाडी गडगडत खाली जाई, आई डोळे मिटून भैरवनाथाचा धावा करी आणि तात्या खुशीत म्हणत, "बघ, फुकटात आलो का न्हाई!" गाडीतला हीटर त्यांच्या लेखी फक्त पाहुण्यांना दाखवायची वस्तू होती.

वैजूनं दुकान सांभाळावं अशी त्यांची फार इच्छा. तिनं पुण्याला जाऊन रसायनशास्त्र घेतलं आणि एका लहानशा टायर कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली. त्यानंतर तात्या तिच्याशी बोलायचेच बंद झाले. "आमच्या वैजूनं सोनं सोडून रबर धरलं," असं ते येईल त्याला सांगत, आणि सांगताना तोंड असं करत की ऐकणाऱ्याची पुढं काही विचारायची छाती होत नसे. आईशी फोनवर बोलणं झालं की वैजू विचारी, "तात्या आहेत का?" आई म्हणे, "हायत की. भट्टीशी बसल्यात." दुकानाला कुलूप असलं तरी तात्या भट्टीशीच बसलेले असत. वैजूला ते लागायचं. वर्षांमागून वर्षं गेली तरी लागायचं.

थंडीत विजेच्या गाडीचं काय होतं, हे तिला पुस्तकाआधी घरानंच शिकवलं होतं. उन्हाळ्यात साडेतीनशे किलोमीटर जाणारी तात्यांची गाडी पौषात एकशे ऐंशीवर येई. बॅटरीच्या आत विजेचे कण एका द्रवातून पोहत या टोकाचे त्या टोकाला जातात. थंडीत तो द्रव दाट होतो आणि कण रेंगाळतात. बॅटरीला स्वतःला ऊब लागते, आत बसलेल्या माणसांना लागते, आणि ही सगळी ऊब त्याच बॅटरीतून काढावी लागते. त्यातून जे उरतं त्याचा मोठा घास टायर खातात.

रबर म्हणजे लांबलचक रेणूंचा गुंता. चाक फिरताना टायरचा प्रत्येक भाग जमिनीवर दबतो आणि पुन्हा उठतो. दबताना घेतलेली सगळी ताकद तो परत करत नाही, थोडी उष्णता म्हणून स्वतःकडे ठेवतो. ही गळती बंद करावी तर पकड जाते, कारण रबर रस्त्याच्या बारीक खरखरीत रुतून बसतं ते ताकद गिळण्याच्या याच गुणामुळे. म्हणून बर्फासाठीचे मऊ टायर रस्ता घट्ट धरतात आणि बॅटरी भरपूर खातात. टणक टायर कमी खातात आणि घसरतात. जगभरच्या प्रयोगशाळा या दोघांचं भांडण मिटवत बसल्या होत्या.

ते वैजूनं मिटवलं. चाकाचं दबणं-उठणं संथ असतं आणि रस्त्याच्या खरखरीचं टोचणं फार जलद. तिनं असं रबर बनवलं, की संथ दाबाची ताकद ते जवळजवळ सगळी परत करी आणि जलद टोचणीची गिळून टाकी. ही कल्पना तिला सुचली होती ती आईच्या कढईवरून. कारगिलच्या थंडीत तिळगुळाचा पाक कढईत तार धरी आणि ताटात पडेपर्यंत दगड होई. लाडू भट्टीजवळ ठेवून मऊ केल्याशिवाय दात लागत नसे. पाक नेमका कुठल्या क्षणी दगड होतो, हे टक लावून बघायची वैजूला लहानपणी खोडच होती.

कंपनीकडे कडक थंडीची खोली नव्हती. सुरुवातीच्या चाचण्या झाल्या तासगावच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये, बेदाण्याच्या खोक्यांच्या शेजारी. त्याहून खालची थंडी गणितानं काढली. गणित चांगलं जमलं होतं. मग वैजूनं पहिले चार टायर कारगिलला पाठवले आणि चाचणीच्या गाड्यांमध्ये तात्यांच्या गाडीचं नाव घातलं. टायरच्या आत बसवलेला बारीक सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलत असे आणि कॉम्प्युटर पडद्यावर आकडा दाखवत असे, की आज गाडी किती जाईल. ऐन डिसेंबरात तो आकडा होता दोनशे छत्तीस.

त्या दिवशी फोनवर आई नव्हती.

"वैजे," तात्या म्हणाले, "गाडी लै देती गं."

ती बाथरूममध्ये जाऊन रडली. पुढच्या महिनाभरात तात्यांनी कारगिल आणि द्रासच्या सहा गलाई कुटुंबांच्या गाड्यांना चाचणीचे म्हणून ते टायर बसवून घेतले. "आमच्या वैजूनं सोनं सोडून रबर धरलं," हे ते अजूनही सांगत होते, पण आता छाती पुढं काढून.

*

लडाखभरची गलाई कुटुंबं दरवर्षी संक्रांतीला लेहमध्ये जमत. एक हॉल भाड्यानं घेत, बायका हळदीकुंकू करत आणि पुरुष गावाकडच्या बातम्यांवर भांडत. यंदा वैजू पुण्याहून विमानानं थेट लेहला आली होती. सोबत तिचे वरिष्ठ अभ्यंकर सर होते. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, इथल्याच बर्फात, पाहुण्यांसमोर टायर बाजारात आणायचा कार्यक्रम ठरला होता. त्याआधी संक्रांतीला तात्या आणि आई गाडीनं लेहला येणार होते. कारगिल ते लेह सव्वादोनशेच्या आतलं अंतर. जुन्या टायरवर वाटेत थांबून बॅटरी भरावी लागे, आणि गारठलेली बॅटरी भरायला इतका वेळ लागे की आईचे गुडघे आखडून जात. यंदा एका दमात यायचं, असं तात्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं.

भोगीच्या दिवशी दुपारी पुण्याहून अहवाल आला. कंपनीनं अखेर थंडीची खोली भाड्यानं घेतली होती आणि टायर पहिल्यांदाच रात्रभर उणे बावीसमध्ये ठेवून मग ब्रेकवर तपासला होता. तो काचेसारखा घसरला. चांगला वेळ पळवून तापवल्यावर पकड परत आली.

असं का झालं ते वैजूला लगेच दिसलं. साधा टायर स्वतःच्या गळतीवर तापतो, त्यामुळे बाहेर कितीही गारठा असला तरी त्याचं रबर थोडं उबदार राहतं. हिचा टायर काही खातच नव्हता. मग तो तापणार कशावर? गाडी वेगात चालली तर थोडाफार तापेल. हळू चालली तर रस्त्याइतकाच गार राहील आणि तिचं जलद टोचणी गिळणारं रबर त्या गारठ्यात आईच्या लाडवासारखं दगड होऊन बसेल.

गेस्ट हाऊसच्या काचेच्या व्हरांड्यात अभ्यंकर सर अहवाल वाचत होते. माणूस वाईट नव्हता. या टायरसाठी त्यांनी राहतं घर गहाण ठेवलं होतं.

"म्हणजे सुरुवातीची वीसेक मिनिटं जपून चालवायची," ते म्हणाले. "माहितीपुस्तिकेत घालू."

"सर, हळू चालवली तर वीस मिनिटांचा प्रश्नच नाही. तो तापणारच नाही."

"कोण चालवतं हळू?" त्यांनी चष्मा काढला. "वैजयंता, परवाचा कार्यक्रम पडला तर कंपनी पडेल. रबर आपण दुरुस्त करू, मलाही झोप लागणार नाही त्याशिवाय. परवापर्यंत हे आपल्या दोघांत राहू दे. कुणाला म्हणजे कुणालाही नाही."

सहा कुटुंबं आदल्या दिवशीच लेहला सुखरूप पोचली होती. उन्हात निघाली, भरधाव आली; महिनाभर या गाड्या अशाच दुपारच्या उन्हात चालल्या, म्हणून कुणी घसरलं नव्हतं. राहिली होती एकच गाडी, आणि ती रात्रभर कारगिलच्या उघड्या अंगणात उभी राहणार होती.

तिनं फोन लावला.

"तात्या, उद्या येऊ नका."

"का गं? काय झालं?"

"थंडी फार आहे."

तात्या मोठ्यानं हसले. फोन स्पीकरवर होता. शेजारचे जाफरभाई चहाला बसले होते. "जाफरभाई, ऐका! कारगिलवाल्याला लेक थंडी सांगतीया!"

"मग जुने टायर लावून या."

पलीकडे हसणं थांबलं. "जुनं तर जाफरभायला देऊन टाकलं," तात्या म्हणाले. मग आवाज खाली आला. "का? तुज्या टायरला काय झालं?"

सांगायची वेळ तीच होती, आणि वैजूला ती कळली होती. पण स्पीकरवर जाफरभाई होते. तात्यांना सांगायचं म्हणजे संध्याकाळपर्यंत कारगिलपासून कोचीपर्यंतच्या गलाई मंडळींच्या ग्रुपला सांगायचं. ही झाली तिनं स्वतःला दिलेली सबब. खरी गोष्ट एवढीच होती, की इतक्या वर्षांनी बाप तिच्याबद्दल छाती पुढं काढून बोलत होता आणि तिला ते सोडवत नव्हतं.

"काही नाही," ती म्हणाली. "सहज विचारलं. आई कशी आहे?"

"लाडू वळतीया. तुज्यासाठी भट्टीशी ठेवल्यात."

*

फोन ठेवून ती बराच वेळ लॅपटॉपसमोर बसली. चाचणीच्या गाड्यांचे आकडे ज्या गणितावर निघत, ते तिच्याच हातात होतं. टायर किती खातो ही एक संख्या बदलली, की गाडीचा पडदा वेगळं अंतर दाखवणार. वाटेतला एकुलता एक चार्जर गेल्या आठवड्यापासून बर्फाखाली बंद होता. म्हणजे आकडा लेहपेक्षा कमी दिसला, की तात्यांना निघताच येणार नाही. माणसांशी वाद घालणारे तात्या आकड्याशी कधी वाद घालत नसत. सकाळी ते वैतागून फोन करतील, "गाडी देईना झालीया, येत न्हाई," म्हणतील. ती म्हणेल, कॉम्प्युटर बिघडला असेल, मी बघते. कुणाला काही कळणार नाही, कुणाला काही होणार नाही.

तिनं संख्या बदलली. दोनशे छत्तीसचे एकशे नव्वद झाले.

आपण हे फार हुशारीनं निभावलं, असं तिला वाटलं. संध्याकाळी तिला चांगली भूकही लागली.

सकाळी फोन आला नाही. दुपारी हॉलमध्ये काळ्या साड्या आणि त्याखाली जाडजूड बूट घातलेल्या बायकांची गडबड सुरू झाली. द्रासच्या शेवंताकाकी वाणाच्या वाट्या मांडत होत्या. त्यांनी विचारलं, "तुजी आई कुठवर आली गं?"

"येत नाहीत बहुतेक, काकी. गाडीचं काहीतरी..."

"अगं बया, न्हाई कशी? सकाळी फोन हुता की तिचा. निगालो म्हनून."

वैजूनं कोपऱ्यात जाऊन लॅपटॉप उघडला. खिंडीअलीकडच्या शेवटच्या गावाच्या टॉवरवरून गाडीनं पाठवलेली माहिती पडद्यावर होती. वेग ताशी अठ्ठावीस. हीटर बंद. सीटची ऊब बंद. बॅटरी गरम ठेवायची यंत्रणाही बंद. गाडीनं तीनदा सूचना दिली होती आणि तात्यांनी तीनदा ती पुसली होती. आत बसलेल्या दोन माणसांच्या आणि तिळगुळाच्या डब्याच्या आसपासची हवा उणे अकरा होती.

तिला एका क्षणात सगळं समजलं आणि स्वतःची घृणा वाटली. कमी आकडा बघून घरी बसणारी माणसं वेगळी. तिचा बाप कमी आकडा बघून काटकसर करणारा माणूस होता. जन्मभर तिनं त्यांना दुसरं काय करताना पाहिलं होतं? एकशे नव्वदात सव्वादोनशे बसवायचे म्हणजे केरातून सोनं काढायचंच काम. त्यांनी ऊब वाचवली, वेग वाचवला, बॅटरीची शेगडी वाचवली. जे जे वाचवलं, त्यानं टायर आणखी गार राहिला.

आणि बॅटरीसुद्धा. विजेच्या गाडीत पेडलवरचा पाय सोडला की चाकांची ताकद उलटी बॅटरीत भरली जाते आणि गाडी आपोआप आवरते. तात्यांना याच गोष्टीचं सगळ्यात कौतुक होतं, उतारावर नुसतं फुकटात जाणं नाही तर वर कमाईसुद्धा. पण गारठलेल्या बॅटरीत वीज भरली तर ती आतून खराब होते, म्हणून गाडी तशी भरूच देत नाही. पुढच्या खिंडीपलीकडे मोठा उतार होता. तिथं तात्या सवयीनं पाय सोडतील आणि गाडी आवरणार नाही. मग ते ब्रेक दाबतील.

तिनं संख्या पूर्ववत केली. पडद्यावर उत्तर आलं, गाडी संपर्कात नाही, संपर्क होताच बदल लागू होईल. तिनं तात्यांना फोन लावला, आईला लावला, पुन्हा तात्यांना लावला. डोंगरात रेंज नव्हती. मागे बायका उखाणे घेत होत्या, हसत होत्या. वैजू पडद्यावरच्या थांबलेल्या ठिपक्याकडे बघत उभी राहिली.

*

रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्या कामगारांनी त्यांना त्यांच्याच ट्रकमधून लेहच्या इस्पितळात आणलं. गाडी दरीच्या बाजूला गेली नाही, डोंगराच्या बाजूला बर्फात घुसली, म्हणून दोघं जिवंत होते. पण पुढचा भाग चेपला होता आणि गाडीनं वीज तोडून टाकली होती. आई दार ढकलून बाहेर पडली ती मांडीभर बर्फात. बूट भिजले, आणि मदत येईपर्यंत भिजलेलेच राहिले. डॉक्टरांनी वैजूला बाजूला घेऊन सांगितलं, की डाव्या पायाची बोटं काळी पडली आहेत, ती काढावी लागतील. उजव्याचं उद्यापर्यंत कळेल.

आई औषधाच्या गुंगीत होती. दोन्ही पाय पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेले. तात्या कॉटशेजारी स्टुलावर बसले होते. कानटोपी अजून डोक्यावर, मांडीवर तिळगुळाचा डबा.

"वैजे, माझंच चुकलं," तिला बघताच ते म्हणाले. "गाडीनं सकाळी आकडा कमी दावला. मला वाटलं, थंडीनं आसंल. म्हटलं वाचवत वाचवत जाऊ. तुजी आई म्हनत हुती, आवो हीटर लावा, पाय बधिर झाल्यात. मी म्हटलं, जरा दम काढ, लेकीपाशी पोचायचं हाय." त्यांचा आवाज फुटला. "उतारावर पाय सोडला तर आवरंना. ब्रेक मारला तर ताटावरनं लाडू सुटावा तशी सुटली. मीच येडा. इतक्या हळू चालवून सुदा."

"तात्या..."

"पर तुज्या टायरला म्या नाव ठिवू दिलं न्हाई. डॉक्टर इचारत हुता. म्हटलं, टायर एक नंबर. चालवनाराच म्हातारा झालाय."

दाराबाहेर अभ्यंकर सर उभे होते. त्यांनी वैजूला खुणेनं बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मला फार वाईट वाटतंय. आईंच्या उपचारात काही कमी पडू देणार नाही. पण ते स्वतःच सांगतायत, की चूक त्यांची. आपण आता काही बोललो तर त्यांनाच जास्त त्रास होईल. उद्या सकाळी कार्यक्रम आहे, तेवढा होऊ दे."

वैजूनं आत बघितलं. तात्या वाकून पट्ट्यांवरची शाल सारखी करत होते. एका अर्थानं सर बरोबरच बोलत होते. गप्प राहिलं तर टायर वाचत होता, कंपनी वाचत होती आणि तिचा इतक्या वर्षांनी परत मिळालेला बापही वाचत होता. फक्त तो बाप उरलेलं आयुष्य हेच म्हणत बसणार होता, की बायकोचे पाय मी घालवले.

ती आत गेली आणि स्टुलाशेजारी फरशीवर बसली.

"आकडा मी कमी केला होता, तात्या."

त्यांना कळलं नाही.

"गाडी बिघडली नव्हती. मी इथून बदलला. टायरमध्ये दोष आहे. गार असला की धरत नाही, आणि हळू चालवला तर तो तापतच नाही. मला काल दुपारी कळलं. तुम्ही निघू नये म्हणून आकडा कमी केला."

"काल दुपारी," तात्या म्हणाले. "काल दुपारी मी फोनवर इचारलं हुतं तुला."

"हो."

"जाफरभाई हुता म्हनून न्हाई बोललीस?"

"तुम्ही माझ्यावर खूश होता म्हणून नाही बोलले," वैजू म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.

शेजारच्या कॉटवरच्या बाईला नर्सनं पाणी दिलं. बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं. मग तात्यांनी जन्मभर विचारला तोच प्रश्न विचारला, नुसता काळ बदलून.

"किती देत हुती? खरं?"

"दोनशे छत्तीस."

त्यांचे ओठ हलले. हिशेब करताना हलायचे तसे. "हीटर लावून आलो आसतो," ते म्हणाले. "नीट वेगात. टायर बी तापलं आसतं."

"हो, तात्या."

त्यांनी मांडीवरचा डबा उचलून कॉटखाली ठेवला. वैजूनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला होता, तो त्यांनी काढला नाही आणि धरलाही नाही. मग काहीतरी आठवल्यासारखे ते खिशात फोन शोधू लागले.

"शेवंताची आन बाकीची मानसं उद्या पहाटं माघारी निगत्यात," ते म्हणाले. "साही गाड्या. पहाटंच्या गारठ्यात."

"मी आकडा शून्य करते त्यांचा. गाड्या निघणारच नाहीत. आत्ता करते."

"गप!" तात्या पहिल्यांदाच ओरडले. आईनं गुंगीत मान हलवली. त्यांनी आवाज खाली आणला. "आकडा नको आता. तोंडानं सांग."

त्यांनी गलाई मंडळींचा ग्रुप उघडला, आवाज रेकॉर्ड करायचं बटण अंगठ्यानं दाबून धरलं आणि फोन तिच्या तोंडासमोर केला. दाराच्या काचेतून अभ्यंकर सर बघत होते. त्यांनी मान हलवली, नको म्हणून. मग त्यांनीच तोंड फिरवलं.

"मी कारगिलच्या आनंदराव साळुंख्यांची वैजयंता बोलतेय," वैजू म्हणाली. "सोनं सोडून रबर धरलेली. माझे टायर काढून ठेवा. ते लावून कुणीही कुठंही निघू नका. त्यांच्यात दोष आहे, आणि तो मी लपवला होता. माझ्या तात्यांनी गाडी चुकीची चालवलेली नाही."

ती बोलत राहिली, पाक दगड होतो तसं थंडीत रबराचं काय होतं, हळू चालवणं का वाईट, सगळं. तात्यांचा अंगठा बटणावर होता आणि नजर आईच्या पायांवरच्या पट्ट्यांवर. तिचं बोलणं संपेपर्यंत त्यांनी अंगठा उचलला नाही, आणि एकदाही तिच्याकडं बघितलं नाही.